आधी श्वास, मग नाळ

बडोदेकर श्रोतेहो, नमस्कार. जन्मल्याबरोबर नाळ कापायची नाही, निदान मिनिटभर थांबायचं, हे आता दांडिया बाजारातल्या आजीबाईंनाही ठाऊक आहे. पण पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, भोक दिसलं, आतडी छातीत चढून फुप्फुस दबलंय असं कळलं (यालाच श्वासपटलाचा हर्निया म्हणतात), तर किती थांबायचं? तिथं घड्याळ नाही, श्वास बघायचा.

ऐका, मेलबर्नच्या कोकरांची गोष्ट. 2013 साली मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या कोकरांचे दोन गट केले. पहिल्या गटाची नाळ आधी चिमटली, हवा दिली ती मग, एकदोन मिनिटांनी. त्यांच्या हृदयाचे ठोके धाडकन उतरले. का? पोटात असताना फुप्फुसांत रक्त जेमतेम जातं. हृदयाची डावी बाजू भरते ती मुख्यतः वारेकडून येणाऱ्या रक्तानं. तो ओघ तोडला आणि फुप्फुसं अजून मिटलेलीच! हृदयानं उपसावं तरी काय? दुसऱ्या गटाला नाळ जोडलेली असतानाच हवा दिली. फुप्फुसं उघडली, तिकडून रक्त येऊ लागलं, मग चिमटा लावला. ठोके जवळपास जागचे हलले नाहीत. आधी हवा, मग चिमटा; फरक एवढाच. त्या कोकरांना हर्निया नव्हता, पण हर्नियाच्या बाळाचं फुप्फुस तर उघडायलाच वेळ लागतो.

(आपल्याकडे मात्र जन्मवेळ डोकं दिसलं ती की नाळ कापली ती, यावर कुंडलीवाले अजून भांडताहेत. भांडोत. त्या मिनिटाला बाळाचे ठोके किती होते, हे कुणी विचारत नाही.)

हर्नियाच्या बाळाला मास्कनं हवा द्यायची नाही. परत सांगतो, मास्क नाही. ती हवा पोटात जाते, आणि पोटच छातीत असेल तर फुप्फुस आणखी दबतं. थेट श्वासनलिकेत नळी घालायची. दुसरी नळी तोंडातून जठरात, हवा ओढून घ्यायला. ऑक्सिजन मोजायचा उजव्या हातावर. हवेचा दाब 25 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबावर जाऊ द्यायचा नाही. हे सगळं नाळ न तोडता करायचं, तर छोटी ट्रॉली आईच्या अगदी लगत हवी आणि नाळेला ताण नको. नाळ आखूड निघाली किंवा आईला रक्तस्राव झाला, तर मात्र लगेच कापायची. युरोपात यावर चाचण्या झाल्यात. सगळीकडे रूढ झालेली रीत ही नव्हे.

शस्त्रक्रिया त्याच रात्री नसते, बाळ स्थिरावल्यावर असते. म्हणून बाळंतपण तिथंच ठरवा, जिथं व्हेंटिलेटर आणि बालशल्यविशारद एकाच छताखाली आहेत, आणि नाळेचं काय करणार हे डॉक्टरांना सातव्या महिन्यातच विचारा.