कंटेनर गेला, मोरचूद राहिला

(दृश्य: ऑगस्टमधली पहाट. तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग. टाकीत काठीनं ढवळल्याचा आवाज.)

पाऊस रात्रीच थांबलाय. मामा बोर्डो कालवतायत, म्हणजे बुरशीवरचं औषध. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार. मोरचूद एका बॅरलमध्ये, चुना दुसऱ्यात, मग दोन्ही एकत्र. विळ्याचं पातं मिश्रणात बुडवून मामा वर काढतात आणि उजेडाला धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. या परीक्षेला कुठली लॅब लागत नाही.

मग ट्रॅक्टर सुरू होतो, ब्लोअर फिरतो आणि हिरव्या वेली बघता बघता निळसर होतात. दावण्या, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, येऊ नये म्हणून हे औषध. आमच्याकडे बागेवर विष कुणी मारत नाही, ‘औषध’च मारतात.

(दृश्य: फेब्रुवारी. पॅकहाऊस. प्लास्टिकच्या टोप्या घातलेल्या बायका घड विंचरतायत.)

सहा महिन्यांनी त्याच बागेतला माल. निर्यातीत नाशिक मोठं, सांगलीचा बराच माल बेदाण्याला जातो. पण ज्याचा प्लॉट निर्यातीला लागला, त्याच्या चालीतच फरक पडतो. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंद असते, म्हणजे पेटी युरोपात रॉटरडॅमला उघडली तरी घड कुणाच्या बागेतला ते कळतं. तोडणीआधी लॅबचा माणूस येतो, बागेत फिरून नमुना घेतो आणि त्यात दोनशेच्या वर रसायनं शोधली जातात.

या शिस्तीतली एक फट 2010 मध्ये चांगलीच महागात पडली. क्लोरमेक्वाट, म्हणजे आपलं ‘सीसीसी’, वेलीची शेंडावाढ रोखायला वापरलं जायचं. तपासायच्या यादीत ते नव्हतंच. युरोपात मालात ते मर्यादेबाहेर सापडलं आणि कंटेनर अडकले. निर्यातदार बुडाले, त्यांच्यामागे बागायतदार. पुढच्या हंगामात सीसीसी यादीत आलं.

मामांनी आपला रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फळात औषध किती उरलं त्याचा अहवाल, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. सातबाऱ्याशेजारी. कॅमेऱ्यासमोर पान पान उलटून दाखवतात. सगळे रकाने फळाचे. ते बरोबरच आहे म्हणा, खाणाऱ्याला फळाशीच काम.

पण मोरचुदातलं तांबं फळाबरोबर जात नाही. ते पानावरून ओघळतं, पानगळीबरोबर मातीत येतं आणि मातीतच बसतं. इतर औषधं काळानं विघटित होतात, तांबं हा धातू आहे. तो कशात विघटित होणार? बोर्डो नाव ज्या फ्रान्समधल्या शहरावरून पडलं, तिथल्या जुन्या बागांच्या मातीत हे शतकभराचं तांबं आजही सापडतं. म्हणून युरोपीय संघानं 2019 पासून तिथल्या शेतकऱ्यांना मर्यादा घातली: सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो तांबं, त्यापुढे नाही. वर्षाची सरासरी चार किलो.

आता मामांचा हिशेब मांडू. मोरचुदात साधारण पाव भाग तांबं. हेक्टरी हजार लिटर बोर्डो धरलं, तर दहा किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबं. दुसऱ्या फवारणीलाच चार किलोंची रेघ ओलांडली. आणि ओल्या पावसाळ्यात दोन फवारण्यांवर भागलं, तर मामा नशीब समजतात.

युरोपनं स्वतःच्या मातीला मर्यादा घातली. आपल्याकडून घेताना विचारलं ते फळाचं.

(दृश्य: म्हैसाळ उपसा योजनेचा कालवा. पलीकडे उजाड माळ.)

पाण्याची गोष्ट याहून अवघड, कारण ते दिसत नाही. द्राक्षाच्या वजनात ऐंशी टक्के पाणीच असतं. तेरा टनांच्या कंटेनरमधून दहा हजार लिटर सरळ जहाजावर चढतं. हे किरकोळ झालं. वेल वाढवायला लागलेलं पाणी धरायला हवं. त्याला ‘आभासी पाणी’ म्हणतात, टोनी अ‍ॅलन या ब्रिटिश अभ्यासकानं नव्वदच्या दशकात मांडलेली कल्पना. द्राक्षाची जागतिक सरासरी किलोला सहाशे लिटरच्या आसपास आहे. म्हणजे एका कंटेनरमागे जवळपास 78 लाख लिटर.

आकडा डोक्यात बसत नाही ना? 2016 चा उन्हाळा आठवा. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुटत होती आणि सगळा देश ते बघत होता. पन्नास वाघिणींच्या गाडीत 25 लाख लिटर. द्राक्षाच्या एका कंटेनरमागे तशा तीन गाड्या.

या सरासरीत पावसाचं पाणीही मोजलेलं आहे, हे सांगायलाच हवं. पण आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला तर तो थांबावा म्हणून बागायतदार देव पाण्यात ठेवतो. बाग जगते ती ठिबकवर, आणि ठिबकच्या मागे विहीर, बोअर, नाहीतर टप्प्याटप्प्यानं पंपांनी उपसून वर चढवलेली कृष्णा. त्या पंपांना वीज लागते. थकलेल्या वीजबिलावरून आवर्तन अडल्याच्या बातम्या इथं कुणाला नव्या नाहीत.

साखरेचं तर बोलायलाच नको. उसाच्या किलोभर साखरेमागे जगाची सरासरी 1,800 लिटरच्या घरात, आणि 2021-22 मध्ये देशानं शंभर लाख टनांहून जास्त साखर बाहेर पाठवली. उसाच्या जास्तीच्या पाण्यानं क्षारपड झालेल्या वाळवा, पलूस, मिरजेकडच्या रानांवर वेगळी फिल्म करावी लागेल.

मामांना हे सगळं सांगितलं. चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “बाग काढून टाकू? सोसायटीचं कर्ज तू फेडतोस का?” याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. डॉलर आला की देशाच्या खात्यात जमा दिसतो, मामांच्या रानातलं तांबं कुठल्याच खात्यात खर्ची पडत नाही. त्याचा राग मामांवर काढून काय उपयोग?

(दृश्य: दुपार. घराचा सोपा. पानं वाढलेली.)

जेवायला बसलो. मामी निळ्या जारमधून तांब्यात पाणी ओततायत. वीस लिटरचा जार, रोज सकाळी टेम्पोवाला देऊन जातो. दारासमोर पन्नास पावलांवर विहीर आहे, फेब्रुवारीतही निम्मी भरलेली.

“मामी, विहिरीचं पीत नाही का आता?”

“ते बागेचं,” मामी म्हणाल्या आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.