रोडगा वाहीन तुला

[दृश्य: रिकामा रंगमंच, एकच दिवा]

रंगमंचावर माणूस एकटाच, पण पात्रं 52. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' स्वतः लिहिलं आणि सगळी पात्रं स्वतःच उभी केली. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात ते नाट्यशास्त्र शिकवायचे. मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी थेट लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. तरी माणसं पोट धरून हसली, कारण जो तो आपापल्या धांदलीत पुरता बुडालेला आहे. लोक आपल्याला हसताहेत, याचा त्यातल्या एकालाही पत्ता नाही. विनोदी लेखनात हेच साधणं सगळ्यात अवघड. आणि आपल्या भागात ही कला फार जुनी आहे.

[दृश्य: पैठण, गोदावरीचा घाट]

पैठणचे संत एकनाथ. 16व्या शतकात त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली. एवढा मोठा पंडित, आणि त्याच लेखणीतून भारुडं, म्हणजे सोंग घेऊन गायची रूपकं, उतरली! जोशी, गोंधळी, वासुदेव, बहिरा, मुका, विंचू चावून तडफडणारा माणूस. गावात रोज दिसणारी ही माणसं नाथांनी बोलती केली, तीही त्यांच्याच तोंडच्या भाषेत. हे मला टीकाग्रंथाइतकंच मोठं काम वाटतं.

[दृश्य: नाथषष्ठी, लुगडं नेसलेला भारुडकार, मागे टाळ-मृदंग]

'सत्वर पाव गे मला, भवानी आई, रोडगा वाहीन तुला!'

पदर खोचून, कमरेवर हात ठेवून एक सासुरवाशीण देवीला नवस बोलतेय. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला. गरिबाघरचा नैवेद्य. आणि त्या एका रोडग्याच्या बदल्यात हिचं मागणं काय? सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासूला ने. जाऊ फडाफडा बोलते, तिचं कुंकू पूस. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. शेवटी नवऱ्याचाही नंबर लागतो.

हसू कुठून येतं पाहा. नवस रोडग्याचा, मागणं सगळं घर रिकामं करण्याचं. त्यातही मोठ्यांच्या मरणाच्या रांगेत मध्येच त्या पोराची खरूज! ऐकणाऱ्या बायका तिथे खळखळून हसतात. सासूचा जाच, जावेचे टोमणे, सगळं त्यांनी सोसलेलं असतं. तोंड उघडून जे कधी बोलता आलं नाही, ते इथे भर गर्दीत कुणीतरी गाऊन दाखवतं. या हसण्याखाली खरं दुःख आहे, म्हणून तर भारुड अजून जिवंत आहे.

आणि मग शेवटचं कडवं. सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला.

तोवर भांडकुदळ वाटलेली बाई या ओळीत एकदम वेगळी दिसते. सासू, सासरा, दादला ही मनाला बांधून ठेवणारी नाती, आणि 'एकटी' म्हणजे त्यातून सुटलेला जीव. नाथांनी हे कडवं पहिलं ठेवलं असतं, तर ते वैराग्यावरचं प्रवचन झालं असतं आणि अर्धी माणसं उठून गेली असती. त्यांनी आधी सासू आणली, जाऊ आणली, खरूज आणली.