खड्ड्याचा पंचनामा

(दृश्य: पावसाळी संध्याकाळ. डांबरी रस्त्यावर साचलेलं पाणी, ते चुकवत जाणाऱ्या दुचाक्या.)

हे पाणी दोन इंच खोल आहे की आठ, याची चारचाकीवाल्याला फारशी फिकीर नसते. एक चाक आत गेलं तरी बाकीची तीन रस्त्यावर असतात. दुचाकीचं पुढचं चाक आत गेलं की हँडल हातातून निसटतं, आणि मागून येणारा ट्रक किती लांब आहे यावर पुढचं सगळं ठरतं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती.

अशा मृत्यूची नोंद होताना कागदावर बहुधा ठरलेली शब्दावली उमटते: हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात. गुन्हा मेलेल्यावरच. खड्डा कागदावर येतच नाही.

(दृश्य: बुजवलेल्या चराचा जवळून शॉट. मधला भाग खचलेला, कडेला मोकळी खडी.)

हा खड्डा पावसानं पडलेला नाही. इथे केबलसाठी चर खणला गेला. माती थराथरानं ठोकून न दाबता नुसती लोटली गेली आणि वरून डांबराचा पापुद्रा दिला. पाणी मुरलं, माती बसली, पापुद्रा तुटला. दुरुस्तीची रीत सगळ्या कंत्राटदारांना पाठ असते: कडा सरळ उभ्या कापायच्या, आतला गाळ काढायचा, कोरडं करायचं, कडांना आणि तळाला डांबराचा पातळ हात द्यायचा, गरम मिश्रण भरायचं आणि रोलर फिरवायचा. प्रत्यक्षात खडी-मुरूम टाकून फावड्यानं थोपटतात. दोन दिवसांत ती खडी रस्ताभर पसरते. मग खड्डा तर असतोच, वर ब्रेक दाबला की चाक सरकायची सोयही होते.

गतिरोधकाचं वेगळं काही नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, वक्राची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगानं तो सुखरूप ओलांडता येतो. त्याच्या ४० मीटर आधी सूचनाफलक, आणि अंगावर रंगाचे पट्टे.

(दृश्य: गल्लीतला बुटका, टोकदार उंचवटा. मोटारसायकल सावकाश चढते.)

मोटारसायकलीच्या दोन चाकांत साधारण सव्वा मीटर अंतर असतं. ३.७ मीटरच्या गतिरोधकावर अख्खी गाडी चढते आणि मग उतरते. इथे रुंदी जेमतेम अर्धा मीटर. पुढचं चाक उतरून गेलेलं असतं तेव्हा मागचं आदळतं, आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई सीटवरून उचलली जाते. रात्री, बिनरंगाच्या अशा उंचवट्यावर, चालवणाऱ्याला मागे वळून बघेपर्यंत ती खाली पडलेली असते. हेल्मेट हवंच, पण मनगट आणि खुब्याला ते काय करणार?

आता कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. तोही अपघात निधीत जमा होतो, घरच्यांच्या हाती नाही. दंड किरकोळच म्हणायचा. या कलमातला एक प्रश्न मात्र फार कामाचा आहे: रस्ता धोकादायक झालाय हे यंत्रणेला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का?

त्याचं उत्तर अपघाताच्या आधी तयार करावं लागतं. म्हणजे तक्रार. कोणी पडायच्या आधी केलेली, तारीख आणि क्रमांक असलेली.

(दृश्य: खड्ड्यावर आडवी ठेवलेली लाकडी पट्टी, तिच्यापासून खाली सोडलेली मोजपट्टीची फीत.)

खोली अशी मोजायची: कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि तिच्यापासून सगळ्यात खोल जागेपर्यंत माप घ्या. पाणी असेल तर काठी बुडवून ओली खूण मोजा. लांबी, रुंदी, खोली दिसेल असा एक फोटो, आणि विजेच्या खांबाचा नंबर किंवा किलोमीटरचा दगड येईल असा दुसरा. रस्ता कोणाचा हे दगडच सांगतो: माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ ही हेल्पलाइन आहे. शहरात महापालिकेकडे लेखी द्या आणि पोच घ्या. नुसता फोन केला तर हाती काही उरत नाही.

रस्ता नवा असेल तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, कार्यादेश (काम दिल्याचा आदेश), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची वही) आणि दोष दायित्व कालावधी (कंत्राटदार दुरुस्तीला बांधील असण्याची मुदत) मागा. तो कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती कंत्राटदारानं पदरच्या पैशानं करायची असते.

अपघात झालाच तर त्याच दिवशी फोटो काढा. एरवी महिनोन्‌महिने न बुजणारा खड्डा माणूस गेल्यावर रातोरात बुजतो. घटनास्थळ पंचनाम्यात खड्ड्याची मापं, बंद दिवे, नसलेला फलक हे सगळं लिहिलं गेलंय का, हे सही करण्याआधी वाचा.

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी भरपाई ठरवून दिली. मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती दावा ऐकते, आणि दाव्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची असते. ती पुढे दोषी अधिकारी किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायची आहे. समितीपुढे जाताना जुन्या तक्रारीची पोच आणि पंचनाम्याची प्रत सोबत हवी.

(दृश्य: विमा पॉलिसीचं पान, एका रकान्यावर बोट.)

आणि हा रकाना: मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा, १५ लाख रुपये. दुसऱ्या कुठल्या वाहनाचा संबंध नसताना, नुसत्या खड्ड्यानं मालक गेला, तरी हा दावा बसतो. त्याच्याकडे वैध परवाना मात्र हवा. पॉलिसी घेताना थोडे पैसे वाचवायला हा रकाना रिकामा सोडला जातो. आपल्या पॉलिसीत तो भरलाय का, ते आजच बघा.