गाडी बघायची तर आधी पार्किंगमध्ये चला

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक विचारते, आज इथे गाडी चालवत किती जण आलेत? हात वर करा जरा. बरं, बरेच आहेत. ज्यांच्या मांडीवर हेल्मेट आहे त्यांनी हात नाही केला तरी कळतंय मला. आणि ज्यांचे हात खाली राहिले त्यांनी उठून जाऊ नका, तुम्हालाच पटवायचंय मला सगळं.

विषय असा ठरलाय की कस्टम बाइक शोमध्ये, म्हणजे हाताने बदलून किंवा नव्याने बनवलेल्या मोटरसायकलींच्या प्रदर्शनात गेल्यावर गाडी बघायची कशी. त्याचे चार-पाच मुद्दे काढून आणलेत मी, ते सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट मनात आहे ती बोलून घेते कारण ती बोलल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही मला. माझं म्हणणं एवढंच आहे की शोमध्ये बक्षीस मिळणारी गाडी शोपर्यंत चालवत आलेली असली पाहिजे. टेम्पोतून उतरवलेली, कापडाने पुसून फिरत्या स्टँडवर ठेवलेली गाडी सुंदर असू शकते, असतेच, तिला वेगळा विभाग द्या, वेगळी ट्रॉफी द्या, पण दोन्ही एका रांगेत लावून मार्क देऊ नका.

का म्हणते ते बघा. रॅली ही गोष्ट सुरू कशी झाली? स्टर्जिसचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, अमेरिकेत साउथ डकोटामध्ये. 1938 साली तिथल्या एका लोकल क्लबने रेस ठेवली, जॅकपाइन जिप्सीज नाव क्लबचं, आणि पहिल्या वर्षी रेसला उतरले होते फक्त 9 जण. नऊ! 2015 ला 75वी रॅली झाली तेव्हा सात लाखांवर माणूस तिथे होतं. पण मूळ काय, तर गाडी पळवणं. जर्मनीत एलेफांटेनट्रेफेन म्हणून रॅली आहे, हत्तींचा मेळावा, कारण झुंडॅप केएस 601 या साइडकारवाल्या गाडीला लोक हिरवा हत्ती म्हणायचे. 1956 पासून चालू आहे आणि भरते कधी, तर ऐन हिवाळ्यात, बर्फात, तंबू ठोकून राहायचं. तिथे कुणी कुणाला विचारत नाही की क्रोम कुठून करून घेतलं. पोचलास ना, बास.

आणि कस्टम तरी काय वेगळं आहे? बॉबर कसा आला, तर वजन कमी करायला पुढचा मडगार्ड काढला आणि मागचा कापला. कॅफे रेसर का आला, तर ब्रिटनमधल्या पोरांना रस्त्यावर जास्त वेग पाहिजे होता, म्हणून हँडल खाली, फुटरेस्ट मागे. ट्रायटन घ्या, माझी सगळ्यात आवडती भानगड आहे ही. पन्नासच्या दशकात 500 सीसीच्या छोट्या रेसिंग कार होत्या, त्यांना नॉर्टन मँक्स या रेसिंग मोटरसायकलचं इंजिन पाहिजे असायचं, पण कंपनी नुसतं इंजिन विकायची नाही, म्हणून लोक अख्खी गाडी विकत घेऊन इंजिन काढून घ्यायचे आणि मागे उरायची फ्रेम. आणि फ्रेम कुठली, तर फेदरबेड, मॅकँडलेस बंधूंची, त्या काळात वळणावर तिच्यासारखं काही नव्हतं. मग कुणीतरी त्या रिकाम्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं ट्विन इंजिन बसवलं. झाली ट्रायटन! म्हणजे उरलेल्या मालातून, जास्त चांगलं चालावं म्हणून झालेली गाडी. शोकेससाठी नाही.

आता तो किस्सा. ज्यांनी माझ्याकडून ऐकलाय त्यांनी परत ऐका.

एका शोला मी चालले होते, साडेतीनशे किलोमीटर, आणि पहाटेपासून जो पाऊस लागला तो थांबेचना. पोचले तेव्हा बुटातून पाणी ओतून काढलं. पार्किंगमध्ये माझ्या शेजारी एक काका गाडी लावत होते, साठीच्या पुढचे, जुनी पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडरवाली, टाकी हाताने ठोकून बनवलेली, आणि गाडी पार हेडलाइटपर्यंत चिखलात. ते गाडीवरून उतरले आणि पहिलं काय केलं तर खिशातून फडकं काढून फक्त क्लचचा लिव्हर पुसला. मी बघितलं तर लिव्हरला वायरच नाही. म्हटलं काका, क्लच वायर? म्हणाले, तुटली, साठेक किलोमीटर मागे. मग आलात कसे? तसाच आलो, म्हणाले. न्यूट्रलमध्ये ढकलत धावायचं, वेग आला की उडी मारून बसायचं आणि पहिला टाकायचा, पुढे रेस जुळवून गिअर बदलायचे, आणि सिग्नल दिसला की लांबूनच वेग असा धरायचा की थांबायची वेळच येऊ नये. साठीच्या माणसाने, भर पावसात! आणि सांगताना आवाजात बढाई शून्य, जसं काही छत्री विसरली म्हणून सांगतायत.

आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. गाडी अकरा वर्षं बनवत होते. फुटरेस्टचे ब्रॅकेट अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून स्वतः कापलेले, त्यांच्या कडा अंगठ्याने चाचपून बघितल्या मी, कुठेही बोचत नाही. ब्रेकचा रॉड, साइड स्टँड, चेन अॅडजस्टर, सगळं स्वतःचं. आणि गंमत अशी की ते दाखवत काहीच नव्हते, मी एकेक शोधायचे आणि विचारायचे, मग ते सांगायचे. दोन तास गेले. शो आत चालू होता आणि मी बाहेर भिजलेल्या जॅकेटमध्ये उकिडवी बसून होते.

मग त्यांनी गाडी आत नेली नोंदणीला, आणि तिथल्या माणसाने सांगितलं, धुऊन आणा, कार्पेट खराब होईल. काका म्हणाले, तो चिखल आजचाच आहे, राहू दे की. नाही म्हणजे नाही. शेवटी गाडी रांगेच्या टोकाला, कार्पेटच्या बाहेर लागली. पहिला नंबर आला तो बंद टेम्पोतून आलेल्या एका लांब चॉपरचा, म्हणजे पुढचा फोर्क लांब पसरवलेल्या गाडीचा. आता मी प्रामाणिकपणे सांगते, त्या चॉपरचा पेंट मी आजवर पाहिलेल्यातला सगळ्यात देखणा पेंट होता. आणि काका तिच्यासमोर गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ बघत होते. म्हणाले, "पोराचा हात फार चांगला आहे गं." मनापासून म्हणाले. मग त्या मुलालाच विचारून त्यांनी हँडल हळूच वळवलं, आणि अर्ध्या वळणात फोर्कचा क्लँप, म्हणजे पुढचे दोन दांडे धरणारा तुकडा, टाकीला टेकला. त्याच पेंटला. काकांनी हँडल होतं तसं सरळ केलं, तिथे एक शब्द बोलले नाहीत. पार्किंगमध्ये आल्यावर मला म्हणाले, "त्याला कुणीतरी आधीच सांगायला पाहिजे होतं, बिचाऱ्याची मेहनत आहे."

त्या दिवसापासून मला राग आहे तो त्या मुलावर नाहीये, मार्क देणाऱ्यांवर आहे. तीन परीक्षक होते, तिघांपैकी एकानेही हँडल वळवून बघितलं नाही. गाडी वळते का एवढं बघितलं नाही! कित्येक जागी चालत्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो, लांबून चालवत आलेल्याचं वेगळं बक्षीस असतं, म्हणजे करता येतं हे, मग बाकीच्यांना काय अडचण आहे मला अजून कळलेलं नाही.

हो, दिसली चिठ्ठी. दहा मिनिटं राहिली म्हणतायत. नाही नाही, सांगते, मुद्दे सांगते भराभर.

पहिलं तेच, हँडल. मालकाला विचारून, विचारल्याशिवाय कुणाच्या गाडीला हात लावायचा नाही, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे. कशाला अडतंय का, वायरी ताणतायत का. मालक तयार असेल तर इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये हेच करायला सांगा, हँडल वळवल्यावर रेस आपोआप वाढली तर अॅक्सिलरेटरची वायर आखूड पडतेय किंवा चुकीच्या वाटेने नेलीय. यू-टर्न घेताना ती गाडी स्वतःहून पळेल.

दुसरं, पुढचा कोन. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं त्याची रेघ जमिनीपर्यंत ओढा, आणि पुढच्या अॅक्सलपासून सरळ खाली ओळंबा सोडा. दोन्हींमध्ये जे अंतर पडतं तो ट्रेल. नेहमीच्या रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये साधारण 100 मिलिमीटरच्या आसपास असतो. चॉपरमध्ये कोन पसरवला की ट्रेल वाढतो, मग सरळ रस्त्याला गाडी रुळावर असल्यासारखी जाते पण हळू वेगात हँडल एका बाजूला धपकन पडतं. चांगला बिल्डर क्लँपमध्येच कोन देऊन ट्रेल परत आटोक्यात आणतो. तर विचारा, ट्रेल किती ठेवलाय? उत्तर लगेच आलं तर ती गाडी विचार करून बनवलीय.

तिसरं वेल्डिंग. फ्रेमच्या सांध्यावर एकसारखे खवले दिसले, एकावर एक चवली ठेवल्यासारखे, तर आनंद माना. सांधा अगदी गुळगुळीत असेल तर विचारा की ग्राइंडर मारून वर पुट्टी भरलीय का, कारण वेल्ड घासला की सांध्यातला माल कमी होतो, आणि मागे सस्पेन्शन नसलेल्या हार्डटेलला मागून बसणारा प्रत्येक दणका तिथेच जातो.

आवाजाचं थोडक्यात. 45 अंशाचं व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्हीसारखे लावलेले दोन सिलिंडर, दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर, म्हणून ठिणगी 315 आणि 405 अंशांच्या अंतराने पडते आणि तो लंगडत चालल्यासारखा ठेका येतो. तो आयडलवर ऐकायचा, सुख असतं. उभ्या गाडीची रेस पिळत राहणाऱ्यांना मात्र कुणीतरी थांबवा, एअर-कूल्ड इंजिनला वारा लागत नाही तेव्हा ते नुसतं भाजतं.

आणि शेवटचं, नावं. 1969 च्या 'ईझी रायडर' सिनेमातला अमेरिकन झेंड्याच्या रंगाचा चॉपर सगळ्यांना माहितीये, पण तो बनवणाऱ्या क्लिफ वॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय बिल्डर्सची नावं सिनेमाच्या श्रेयनामावलीत नव्हती, कित्येक वर्षं कुणी घेतलीही नाहीत. म्हणून गाडीसमोरच्या पाटीवर मालकाचं नाव वाचून पुढे जाऊ नका. पेंट कुणाचा, वेल्डिंग कुणाचं, सीट कुणी शिवली, विचारा. आणि पुढच्या शोचे आयोजक इथे बसलेत ते मला दिसतायत, तर त्यांना विनंती, पाटीवर त्या ओळी आधीच छापून ठेवा आणि एक रकाना वाढवा, किती किलोमीटर चालवत आणली.

बास, वेळ संपला. प्रश्न इथे नको, बाहेर पार्किंगमध्ये या सगळे, येताना गेटजवळ एक काळी ट्विन लावलेली बघितलीय, तिचा किकचा दांडा कुणीतरी हाताने बनवलाय. ज्याची असेल त्याने आधी माझ्याबरोबर चला.