पिशवीच्या तळाशी

स्ट्रेचरवर ८० वर्षांच्या आजी आहेत. चक्कर येऊन पडल्या. नाडी मिनिटाला ४०. सोबत आलेली मुलगी सांगते, "बीपीची एकच गोळी सुरू आहे."

नर्स औषधांची पिशवी टेबलावर उपडी करते. बीपीची गोळी अ‍ॅटेनोलॉल, १०० मिलिग्रॅम. आणि तळाशी काचबिंदूच्या थेंबांची बाटली, टिमोलॉल. थेंब डोळ्यातून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो. दोन्ही औषधं एकाच गटातली, बीटा-ब्लॉकर, दोन्ही हृदयाचे ठोके मंदावणारी. घरच्यांच्या लेखी मात्र थेंब म्हणजे औषध नव्हेच! म्हणून "काय काय घेता?" एवढ्याने भागत नाही. थेंब, दम्याचा पंप, इन्सुलिन, झोपेची गोळी, अंगदुखीची गोळी, एकेकाचं नाव घेऊन विचारावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर शेवटची किती वाजता घेतली हेही.

रिपोर्ट येतो. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंत तयार होऊन मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ, १.०. दिसायला नॉर्मल, आणि फसगत इथेच होते. वजन ४५ किलो. मूत्रपिंड किती गाळतं, त्याचा हिशेब असा. १४० मधून वय वजा केलं, उरले ६०. गुणिले ४५, भागिले ७२, स्त्री म्हणून गुणिले ०.८५. उत्तर मिनिटाला जेमतेम ३२ मिलिलिटर. म्हातारपणी स्नायू झिजतात, क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, त्यामुळे थकलेलं मूत्रपिंड आकड्यामागे दडून राहतं. अ‍ॅटेनोलॉल बाहेर पडतं मूत्रपिंडावाटेच. एवढ्या क्षमतेला दिवसाची मर्यादा ५० मिलिग्रॅम. आजी दुप्पट घेत होत्या. वजन अंदाजाने लिहिलं असतं, तर हे हिशेबात आलंच नसतं.

तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिनचंही तसंच. त्याचे घटक साचतात, गुंगी चढते, श्वास मंदावतो. या वयात पाव ते अर्ध्या डोसने सुरुवात करून वेदना पुन्हा विचारावी.

रात्री आजी बरळू लागतात, सलाईन ओढतात. सवयीने हात प्रोमेथाझिनकडे, गुंगी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या औषधाकडे, जातो. तो थांबवायला हवा. त्याने लघवी तुंबते, भ्रम वाढतो. आधी साखर, ऑक्सिजन, ओटीपोट तपासा. चष्मा आणि कानाचं मशीन परत द्या.

घरी सोडताना तीच पिशवी पुन्हा टेबलावर यावी. गोळ्यांची जुनी पट्टी मुलीच्या देखत बाजूला निघावी, नवा डोस ठळक लिहिला जावा. बीटा-ब्लॉकर घरच्यांनी परस्पर बंद करायचं नाही. एकदम तुटलं तर नाडी आणि बीपी उसळतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब सुरूच ठेवले, तर थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध रक्तात कमी जातं. मुलीकडून ते एकदा करून घ्यावं.