मेलेली ब्लू बॉटल डंख मारते का? पावसाळ्यात चौपाटीवर जाण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! पाऊस लागला आणि तुमचे फोटो यायला सुरुवात झाली. जुहू, आक्सा, गिरगाव, सगळीकडून. वाळूत पडलेला निळसर फुगा, खाली निळी दोरी, आणि सोबत एकच प्रश्न: "ताई, ही मेलीये ना? मग हात लावला तर चालेल ना?"

नाही चालणार. आजचा व्हिडिओ या "मेलीये ना"साठीच आहे.

ओळख पटकन उरकते. ही ब्लू बॉटल, म्हणजे पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, शास्त्रीय नाव फायसेलिया. जेलीफिशची नातेवाईक आहे, पण जेलीफिश नाही. खरं तर हा एक प्राणी नाहीच, एकमेकांना जोडलेल्या जिवांची वसाहत आहे. कुणी तरंगायचं, कुणी शिकार धरायची, कुणी पचवायची, कुणी प्रजनन करायचं. सुटं होऊन कुणीच जगत नाही. फुग्यात हवा असते आणि थोडा कार्बन मोनॉक्साइडही. हिला पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे जाते. नैऋत्येचा वारा आपल्या किनाऱ्याकडे वाहतो, म्हणून पावसाळ्यात ती आपल्याकडे येते. "समुद्र कोपलाय का?" असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. कोपबिप काही नाही, वारा आहे. आणि हो, जगभर एकच जात मानली जायची, तिच्या चार जाती आहेत हे 2025 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं.

आता मुद्दा. विष फुग्यात नाही, खालच्या तंतूंमध्ये आहे. मोठ्या फायसेलियाचे तंतू 10 मीटर सहज, कधी 30 मीटरपर्यंत जातात. त्यांवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी, आणि आत प्रचंड दाब. स्पर्श झाला की नळी उलटी होऊन बाहेर येते, कातडीत घुसते आणि विष सोडते. हायड्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला जीव हिचाच लांबचा भाऊबंद. त्याच्या कुपीचं मोजमाप झालंय: नळीचं टोक सुटतं ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात.

हे सगळं ती पेशी स्वतःच करते. हिला मेंदू नाही, "डंख मार" असा हुकूम सोडणारं कुणी नाही. सापळा लावून घरमालक गावाला गेला म्हणून उंदीर सुटतो का? तसंच. वसाहत मेली, कुपीतला दाब कायम.

तरी कमेंट येते, "पण ताई, सुकलेली होती." सुकलेली तर जास्त फसवी! सुकून वाळूत मिसळलेला तंतू ओला झाला की पुन्हा डंख करू शकतो, अगदी काही दिवसांनीही. आक्साला एक बाबा आपल्या लेकीला काठीवर लटकवलेली ब्लू बॉटल दाखवत होते. मी थांबवलं तर म्हणाले, "मॅडम, काही नाही होत, सुकलीये." आणि मुलीचे हात ओले, अंगावर समुद्राचं पाणी! अशा वेळी मला खरंच राग येतो. पोराला समुद्र दाखवा, सगळं दाखवा, पण लांबून.

अजून पटत नसेल तर ब्लू ड्रॅगन बघा. बोटाच्या पेराएवढी निळी समुद्री गोगलगाय, शास्त्रीय नाव ग्लॉकस. ही फायसेलियाला खाते. खाल्ल्यावर तिच्या न फुटलेल्या दंशपेशी स्वतःच्या अंगात साठवते आणि स्वतःच्या बचावासाठी वापरते. म्हणजे मालकीण दुसऱ्याच्या पोटात गेली तरी शस्त्र चालूच. ब्लँकेट ऑक्टोपस तर फायसेलियाचे तुटलेले तंतू हातात धरून फिरतो. ब्लू ड्रॅगनही हातात घेऊ नका. मागच्या व्हिडिओखाली "किती क्यूट, घरी न्यावंसं वाटतं" लिहिणाऱ्यांनो, तुम्हालाच सांगतेय.

हे विष माणसासाठी नाही, मासोळीसाठी आहे. फायसेलियाचा मुख्य आहार म्हणजे माशांची पिल्लं आणि अळ्या. तंतू शिकार लुळी पाडतो, आखडत वर ओढतो. मग पचनाचं काम करणारे सदस्य आपली तोंडं माशावर पसरून चिकटवतात आणि त्याला बाहेरूनच विरघळवायला लागतात. त्याच तंतूंच्या जंगलात नोमियस नावाचा एक छोटा मासा चपळाईने अंग चुकवत राहतो. आणि लॉगरहेड कासवं हिला आवडीने खातात.

डंख झालाच तर? वाळू चोळायची नाही, टॉवेल घासायचा नाही, लिंबू नाही, लघवी तर नाहीच नाही. चोळलं की उरलेल्या कुप्या फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने उचला. मग गरम पाणी, साधारण 45 अंश, भाजणार नाही पण सोसेल इतकं, 20 मिनिटं. ऑस्ट्रेलियात 2006 साली डंख झालेल्यांवर चाचणी झाली. 20 मिनिटांनी गरम पाणीवाल्यांपैकी 87 टक्के लोकांचं दुखणं कमी झालं, बर्फवाल्यांपैकी 33 टक्के. व्हिनेगरवर तज्ज्ञांचं एकमत नाही: ऑस्ट्रेलियातले नको म्हणतात, हवाईतल्या प्रयोगात उपयोगी ठरलं. म्हणून मी गरम पाण्यावरच भर देते.

बहुतेकांना तास-दोन तास भयंकर आग होते, वळ दोन-तीन दिवस राहतात. पण श्वास लागला, छातीत दुखलं, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल. आधी कधी डंख झालेल्यांनी जास्त जपा. 1901 मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर याच फायसेलियाच्या विषाचा अभ्यास करत होते. पुढे पॅरिसला समुद्रफुलाचं, म्हणजे सी ॲनिमोन या प्राण्याचं, विष घेऊन त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. पहिल्या मात्रेतून सावरलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने दगावला. शरीर सरावलं नव्हतं, उलट भडकलं होतं. ॲनाफिलॅक्सिस म्हणतात ते हेच, आणि रिशेंना त्यासाठी 1913 चं नोबेल मिळालं. तेव्हा "मला एकदा झालंय, आता काही होत नाही" ही बढाई बंद करा.

आता एक काम द्या पार पाडून. ब्लू बॉटल दिसली तर लांबून फोटो काढा. फुग्यावरचं शीड, म्हणजे वारा पकडणारा उभा तुरा, डावीकडे कललंय की उजवीकडे, ते दिसू द्या. दोन्ही प्रकार असतात, एकाच वाऱ्यात ते वेगवेगळ्या दिशांना जातात. किनारा आणि तारीख कमेंटमध्ये लिहा. रत्नागिरी, मालवणवाल्यांनो, तुमच्याकडचे फोटो अजून आलेले नाहीत, पाठवा!