माणसांची भिंत

१६ डिसेंबर १९७२. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग सुरू होतो. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल. रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग उभी आहे, देवाचं नाव घेत तालावर डोलणारी.

नाना आणि घाशीराम यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. तुम्ही मात्र ही रांग बघा. तोंड आपल्याकडे असतं तेव्हा ही माणसं गातात, नाचतात. पाठ फिरवली की त्यांचीच भिंत होते, आणि भिंतीआड जे चालायचं ते बिनबोभाट चालतं. त्यांतल्या कुणी कुणावर हात उगारलेला नसतो. नुसती पाठ फिरवलेली असते. माणसाच्या क्रूरपणाबद्दल मराठीत इतकं नेमकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

घाशीराम कनोजहून पोटासाठी पुण्यात येतो. इथं त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, कोठडी मिळते. अपमानाने पेटलेला हा माणूस पोटची पोर नाना फडणवीसांच्या हवाली करतो आणि कोतवाली मिळवतो. मग चोरीचा आळ असलेल्या एका ब्राह्मणाच्या हातावर लालबुंद तापवलेला लोखंडी गोळा ठेवला जातो. आळ कसा येतो, हे घाशीरामाइतकं कुणाला ठाऊक होतं? सोसलेल्या माणसाला दया येईलच असं आपण धरून चालतो. तेंडुलकर तो आधारही काढून घेतात.

इतिहासातल्या घाशीरामाचा शेवट ऑगस्ट १७९१ मधला. त्याने कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं.

नाटक इतिहास म्हणून लिहिलेलं नव्हतं. तरी नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी केल्याचं वादळ उठलं. १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं, १९७४ मध्ये थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेने ते पुन्हा उभं केलं. एका जातीवरचा आरोप म्हणून ते पाहणाऱ्यांच्या हातून मुख्य गोष्ट निसटली, असं मला मनापासून वाटतं. ती भिंत कुठल्याही पेठेतल्या, कुठल्याही आडनावाच्या माणसांची होऊ शकते.

कोतवाली ज्यांनी दिली, तेच नाना अखेर घाशीरामाला जमावाच्या हाती देतात. तो मरतो. मग पुण्यावरचं संकट टळलं असं सांगून नाना तीन दिवस उत्सव करायला फर्मावतात.